घाण्यावरून तेल आणलं, पेंडीचं काय करायचं?

पाटावरवंटा

यंदा गावाकडचा भुईमूग बरा झाला. दिरांनी शेंगा फोडून दाणेच पाठवले, ते आम्ही मिरजेजवळच्या लाकडी घाण्यावर नेले. घाणेवाले म्हणाले, पेंड आमच्याकडे ठेवलीत तर मजुरी माफ. मी म्हटलं, मजुरी घ्या, पेंड द्या. नवऱ्याने कपाळाला हात लावला, कारण फ्लॅटमध्ये म्हैस नाही!

पेंड छान आहे हो. फिकट पिवळी, वासाला खमंग, मोडली की खुसखुशीत. सालं बरीचशी आधीच पाखडून काढली होती. मिक्सरला लावून चाळली. मनात हिशोब असा, की दाण्यातलं तेल बरंचसं गेलं म्हणजे उरलं ते प्रथिनच. बाजारातल्या प्रोटीन पावडरच्या डब्याला दोन-अडीच हजार मोजण्यापेक्षा हे काय वाईट?

पण थालीपिठाच्या भाजणीत घातली आणि थालीपीठ थापताना चिरा पडायला लागल्या. उलटताना दोन तुकडे. दही घालून मळलं होतं, नेहमीसारखंच. भाजणीत सोयाबीनचं पीठ घालते तेव्हा असं होत नाही, उलट जास्त पाणी मागतं. मग प्रश्न पडले ते असे:

ही पेंड माणसांनी खावी की नाही? सोयाचं पीठ बांधून धरतं आणि ही का नाही? हेच तेल तळणीला घेतलं की कढईत फेस येतो, रिफाइन्डला येत नाही, तो का? आणि लाकडी घाण्यावर करडई, तीळ, जवस, खोबरं सगळं मिळतं, मग सोयाबीनचं तेल कुठेच का दिसत नाही?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. घरगुती भाषेत चालेल, पण "नैसर्गिक म्हणून चांगलं" असलं उत्तर नको.

कोरडवाहू

वाचतोय. आमच्याकडे (लातूरच्या बाजूला) पेंडीचं काय करायचं हा प्रश्न पडत नाही, कारण गोठ्यातून उत्तर येतं. शेंगदाण्याची पेंड गाभण म्हशीला, सरकीची दुभत्याला. विदर्भातले पाहुणे पेंडीलाच ढेप म्हणतात.

सोयाबीनचं मात्र मलाही ऐकायचंय. इतकं पिकवतो आणि घरच्या सोयाबीनचं तेल घरात कधीच आलेलं नाही. पोती मार्केट यार्डात जातात, पिशवीतलं तेल दुकानातून येतं.

बॉयलर हाऊस

कोरडवाहू आणि धागाकर्तीच्या शेवटच्या दोन प्रश्नांना एकत्रच उत्तर देतो. सॉल्व्हंट प्लांट आणि रिफायनरीत आयुष्य गेलंय, त्यामुळे जरा लांबेल.

भुईमुगाच्या दाण्यात वजनाच्या ४५ ते ५० टक्के तेल असतं. सोयाबीनमध्ये १८ ते २०. घाणा असो वा एक्सपेलर (स्क्रूने दाबणारं कारखान्यातलं यंत्र), दाबून तेल काढलं की पेंडीत थोडं तेल अडकून राहतंच. एक्सपेलरच्या पेंडीत सहा-आठ टक्के राहतं, लाकडी घाण्याच्या पेंडीत त्याहून जास्त. भुईमुगात एवढं मागे राहिलं तरी हाताला भरपूर लागतं. सोयाबीनमध्ये मुळातच कमी, त्यातलं निम्मं पेंडीत अडकलं तर घाणेवाल्याचं विजेचं बिलही निघणार नाही. म्हणून सोयाबीन दाबत नाहीत, धुतात. दाणा फोडायचा, टरफल उडवायचं, थोडं गरम करून रोलरखाली साधारण ०.३ मिलिमीटरची पातळ पाकळी करायची आणि तिच्यावर हेक्झेन, म्हणजे तेल विरघळवून घेणारा द्रव, सोडायचं. पेंडीत एक टक्क्याच्याही खाली तेल उरतं.

दुसरं कारण तेलाचंच आहे. सोयाबीनच्या कच्च्या तेलात दोन-तीन टक्के फॉस्फोलिपिड असतात. आम्ही त्याला नुसतं 'गम' म्हणतो. ते तसंच ठेवलं तर डब्याच्या तळाशी चिकट गाळ बसतो, कढईत तापवलं की काळं पडतं, फेसाळतं. म्हणून गरम तेलात थोडं पाणी घालून ढवळायचं. गम पाणी पिऊन फुगतात, जड होतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये वेगळे निघतात. हेच वाळवलं की लेसिथिन. चॉकलेटच्या, बिस्किटाच्या वेष्टनावर घटकपदार्थांत दिसतं ते. म्हणजे कढईत नको असलेला गाळ पुढे चॉकलेटवाल्याला चांगल्या भावाने जातो.

शेंगदाण्याच्या कच्च्या तेलात हे गम अर्ध्या टक्क्याच्या आसपास. म्हणून ते न शुद्ध करताही खाता येतं. पण अर्धा टक्का म्हणजे शून्य नव्हे, शिवाय घाण्याच्या तेलात बारीक पेंडीचे कण आणि किंचित ओलावा असतो. तळताना फेस येतो तो यांचा. तेल दोन-तीन आठवडे स्थिर ठेवा, वरचं निवळ तेल अलगद दुसऱ्या डब्यात काढा, तळचं फोडणीला वापरा. फेस निम्मा कमी होईल.

तळणीला एकूणच घाण्याचं तेल मला पटत नाही. त्याचा धूर १६० अंशांच्या आसपास सुरू होतो, रिफाइन्ड शेंगदाणा तेलाचा २३०च्या पुढे. पुरी तळायला १८० लागतात. घाण्याचं तेल चटणीवर, भाकरीवर, फोडणीला. तिथे त्याला तोड नाही.

शुद्ध_देशी

हेक्झेन हे पेट्रोल आहे. ते तेलात राहतं आणि आपण खातो. वर कॉस्टिक सोडा, ब्लीच. रिफाइन्ड तेल हे विष आहे हे आता सगळ्यांना कळलंय, इथे त्याची जाहिरात कशाला?

बॉयलर हाऊस

जाहिरात कसली, मला आता पेन्शन मिळते.

हेक्झेन पेट्रोलियममधूनच येतं, खरं आहे. ते साधारण ६५ ते ७० अंशाला उकळतं. ते उडवून, थंड करून प्लांट पुन्हा वापरतो, कारण ते महाग आहे आणि उडालं तर आग लागते. तेलातून ते बाहेर काढण्याची सगळ्यात जास्त काळजी आरोग्य खात्याला नाही, प्लांटच्या मालकाला असते. तरीही राहिलेल्या हेक्झेनला कायद्याने मर्यादा आहे, शुद्ध केलेल्या तेलात ५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत पाच. तपासणीत तेलाचा फ्लॅश पॉइंट (वाफ पेट घेते ते तापमान) २५० अंशांच्या वर लागतो. हेक्झेन शिल्लक असेल तर वाफ त्याच्या कितीतरी आधी पेट घेते, लगेच पकडलं जातं.

ब्लीच म्हणजे कपड्यांचं ब्लीच नाही हो. सक्रिय केलेली माती असते, मुलतानी मातीच्या जातीची. निर्वात टाकीत शंभर अंशांच्या आसपास तेलात ढवळतात, रंग आणि साबणाचे उरलेले कण मातीला चिकटतात, माती गाळून काढतात. कॉस्टिक मोकळ्या आम्लांशी जुळून साबण होतो. तो साबण कारखान्यात जातो.

जे टीका करण्यासारखं आहे ते वेगळंच आहे. शेवटी डिओडरायझरमध्ये तेल निर्वातात २२०-२५० अंशांवर नेऊन त्यातून वाफ सोडतात. वास जातो, त्याबरोबर 'ई' जीवनसत्त्वाचा काही भाग जातो, शेंगदाण्याचा शेंगदाणेपणा तर पूर्ण जातो. करडई, शेंगदाणा, सूर्यफूल, सगळं एकाच चवीचं होऊन बाहेर पडतं. माझी तक्रार ही आहे. विष नाही, पण निर्जीव आहे.

वाटाण्याची उसळ

बॉयलर हाऊस +१. पेंडीकडे मी येते, माझा पूर्वीचा विषय प्रथिनांचा. (नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत तेल तंत्रज्ञानाच्या लोकांबरोबर एकाच कँटीनमध्ये चहा प्यायलेली आहे, ते आम्हाला 'पेंडवाले' म्हणायचे.)

पाटावरवंटा, तुझा हिशोब बरोबर आहे. दाण्यात साधारण २५ टक्के प्रथिन. शंभर किलोतून ४० किलो तेल निघालं तर उरलेल्या पेंडीत ते चाळीसच्या पुढे जातं. प्रश्न किती आहे याचा नाही, ते काय काम करू शकतं याचा आहे. प्रथिन पाणी धरतं, तेल धरतं, फेस उभा करतं, तापवल्यावर घट्ट होतं. यातलं कुठलं काम जमेल हे बहुतेक तेल काढतानाच ठरून जातं.

सोयाबीनचंच घे. हेक्झेन धुऊन झालेली पाकळी वाफेच्या टोस्टरमध्ये शंभर अंशांच्या वर भाजली की कोंबडीचं उत्तम खाद्य होतं, कारण सोयाबीनमध्ये पचनाला अडवणारे घटक असतात, ट्रिप्सिन इनहिबिटर, ते ओल्या उष्णतेने नष्ट होतात. पोल्ट्रीवाले पेंड नीट भाजली का ते युरीएज या सोयाबीनमधल्या एन्झाइमच्या चाचणीने बघतात. पण भाजल्यावर त्या प्रथिनाची गाठ पक्की होते, पाण्यात ते फारसं विरघळत नाही. माणसाच्या पदार्थांसाठी, म्हणजे आइस्क्रीम, सॉसेज, प्रोटीन आयसोलेट (वेगळं काढलेलं जवळजवळ शुद्ध प्रथिन) यांच्यासाठी तीच पाकळी वेगळ्या यंत्रात, गरम वाफेच्या झोतात काही सेकंदांत कोरडी करतात. हेक्झेन जातं, प्रथिन शाबूत राहतं. तिला पांढरी पाकळी म्हणतात. बी तेच, प्रथिन तितकंच, पण एकीतून टोफू होईल आणि दुसरीतून पाण्यात तळाशी बसणारा रवा.

तुझी पेंड या हिशोबात नशीबवान आहे. लाकडी घाण्यात उष्णता कमी, म्हणून प्रथिन बऱ्यापैकी जिवंत. तरी थालीपीठ चिरलं, कारण तू दह्याने मळलंस.

भुईमुगाची मुख्य प्रथिनं दोन, अराकिन आणि कोनअराकिन. दोन्ही मिठाच्या पाण्यात चांगली विरघळतात आणि पीएच (आंबटपणाचं माप) ४.५ च्या आसपास सगळ्यात कमी. तिथे त्यांच्यावरचा विद्युतभार फिटतो, रेणू एकमेकांना चिकटून आक्रसतात आणि पाणी सोडतात. आंबट दह्याचा पीएच नेमका तिथेच. दूध फाडताना केसिनचं, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाचं, होतं तेच. त्यात भाजणी बांधून धरतो तो मुळात ज्वारी-तांदळाचा स्टार्च आणि उडीद. पेंडीत स्टार्च फार थोडा. तू जितकी पेंड वाढवलीस तितकं बांधणारं पीठ कमी केलंस.

उपाय: सहा-सात वाट्या भाजणीला एक वाटी पेंडीचं पीठ, जास्त नको. आधी मीठ घातलेल्या कोमट पाण्यात पेंडीचं पीठ भिजवून वीस मिनिटं ठेव. मग भाजणी घाल. दही हवंच असेल तर खाताना बाजूला घे.

सुगरण_नाही_पण

अगं हे वाचून डोक्यात दिवा लागला. माझी आई कढीला बेसन का लावते? बेसनाशिवाय ताक उकळलं की फुटतं. मला वाटायचं दाट होण्यासाठी.

वाटाण्याची उसळ

दाट होण्यासाठीही, पण मुख्यतः बेसनाचा स्टार्च फुगून केसिनच्या कणांमध्ये येतो, ते एकमेकांना गाठू शकत नाहीत. म्हणून बेसन आधी गार ताकात गुठळी न ठेवता फेटायचं. उकळत्या ताकात घातलं तर उशीर झालेला असतो.

काळी_डाळ

अवांतर: उडदाच्या वड्याचं पीठ फेटतो ते पण हेच का? आमच्या आजी पिठाचा ठिपका वाटीभर पाण्यात टाकून बघायच्या, तरंगला की वडे घालायला घ्या.

वाटाण्याची उसळ

अगदी. उडदाचं प्रथिन आणि त्यातला चिकट डिंकासारखा अराबिनोगॅलॅक्टन मिळून हवेचे बुडबुडे धरून ठेवतात. तुमच्या आजींची पद्धत म्हणजे पिठाची घनता मोजणं, प्रयोगशाळेतही याहून फार वेगळं करत नाहीत. फक्त भांड्याला तेल नको. तेलाचा थर प्रथिनाला बुडबुड्याच्या पृष्ठभागावरून हुसकावतो आणि फेस बसतो. म्हणूनच, पाटावरवंटा, तुझ्या पेंडीचा फेस उभा राहणार नाही. तिच्यात अजून दहा टक्क्यांच्या आसपास तेल असणार. एगलेस केकची स्वप्नं बघू नको.

उपासाची थाळी

हरभऱ्याच्या पाण्याचा फेस होतो म्हणे? माझ्या भाचीने फ्रान्सहून शिकून मेरांग करून दाखवली होती, अंडं नाही, काबुली चणे शिजवलेलं पाणी. विश्वास बसला नाही.

वाटाण्याची उसळ

होतो. २०१४ मध्ये एका फ्रेंच गायकाने, जोएल रोसेल यांनी ते पुढे आणलं. त्या पाण्यात थोडं प्रथिन, थोडी पिष्टमय द्रव्यं आणि सॅपोनिन, म्हणजे साबणासारखा फेस करणारे घटक, असतात. कुकरमध्ये चणे भरपूर पाणी घालून शिजवलेत तर पातळ होतं, ते आटवून अंड्याच्या पांढऱ्याइतकं चिकट करावं लागतं. मीठ आणि सोडा घातलेलं पाणी घेऊ नका, चव बिघडते.

कोरडवाहू

सोया वडी कशी करतात तेही सांगा. आमच्या पोरांना शाळेच्या खिचडीत मिळायची. बघायला स्पंजसारखी.

वाटाण्याची उसळ

पांढरी पाकळी किंवा हलकी भाजलेली पाकळी दळून, थोडं पाणी शिंपडून एक्सट्रूडरमध्ये घालतात. लांब नळीत फिरणारा स्क्रू, दाब, दीडशे अंशांच्या आसपास तापमान. आत प्रथिनाच्या गुंडाळ्या उलगडतात, स्क्रूच्या ओढीने एका दिशेला लागतात आणि पुन्हा एकमेकांना जोडल्या जातात. छिद्रातून बाहेर आल्याबरोबर दाब एकदम सुटतो, आतल्या पाण्याची वाफ होऊन फुगते आणि ती पोकळ जाळी तशीच थिजते. अमेरिकेत आर्चर डॅनियल्स मिडलंड कंपनीच्या विल्यम ॲटकिन्सन यांना १९७० मध्ये याचं पेटंट मिळालं. आपल्याकडे न्यूट्रेला म्हणून घराघरात गेली.

वडी गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळून घ्या. पिळलेलं पाणी टाकून द्या, वासाचा बराच भाग त्यात जातो. मसाला पिळल्यानंतर लावा. कोरडी जाळी जे पहिलं मिळेल ते पिते, म्हणून पहिलं पाणीच चवीचं असेल तर आणखी उत्तम.

सुगरण_नाही_पण

वासाचं विचारायचंच होतं. सोयाबीन रात्रभर भिजवून मिक्सरला लावून दूध काढते, तर कच्च्या वालाचा वास येतो. नवरा घराबाहेर निघून जातो.

वाटाण्याची उसळ

लिपॉक्सिजिनेज नावाचं एन्झाइम. दाणा फुटेपर्यंत ते आणि तेल वेगवेगळे असतात. मिक्सरच्या पात्याने फुटले, गार पाणी आणि हवा मिळाली की ते तेलावर लगेच कामाला लागतं आणि तो वास तयार होतो. एकदा झाला की उकळून पूर्ण जात नाही. म्हणून भिजवलेले दाणे उकळत्या पाण्यातच वाटायचे, वाटताना सगळं मिश्रण ८० अंशांच्या खाली येता कामा नये. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात साठच्या दशकात हीच पद्धत बसवली गेली. मिक्सरचं झाकण घट्ट दाबू नका, वाफेने उडतं. फडकं धरा.

मग दूध पंधरा मिनिटं उकळा. पहिल्यांदा फसवा फेस भरभरून येतो, ते उकळणं नव्हे, गॅस बारीक करून पुढे चालू ठेवा. टोफू करायचा तर उकळल्याशिवाय गोठणार नाही. आधी उष्णतेने प्रथिन उलगडलं पाहिजे, मगच कॅल्शियम किंवा लिंबू त्याला जोडू शकतं.

न्यू जर्सीची नणंद

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. भारतातून येताना घाण्याचं शेंगदाणा तेल बॅगेत आणणारे बरेच आहेत, आम्हीही त्यातलेच. मुलाच्या वर्गात एकाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. डबा तयार करताना मी फोडणीला तेच तेल वापरत होते आणि शेजारणीने विचारलं, तेल कुठलं? इथल्या ॲलर्जी लेबलच्या कायद्यात (२००४चा) पूर्ण रिफाइन्ड तेलाला सूट आहे, कारण त्यात प्रथिन जवळजवळ उरत नाही. घाण्याच्या तेलाला नाही. आता शाळेच्या डब्याला वेगळं तेल.

बॉयलर हाऊस

बरोबर. ॲलर्जी प्रथिनाची असते, तेलाची नाही. गाळात जे बारीक कण दिसतात ना, प्रथिन त्यांच्यातच. शुद्ध_देशी, रिफाइन्डच्या बाजूने एवढा एक मुद्दा लिहून ठेवा.

शुद्ध_देशी

ठीक. पण साजूक तुपाचं काय? तेही डालडाने भेसळ करतात.

बॉयलर हाऊस

त्यावर जुना सरकारी तोडगा गंमतीदार आहे. वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचं तेल घालायची सक्ती होती. चवीसाठी नाही, पकडण्यासाठी. तिळाच्या तेलात असे घटक असतात की हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरॉल घालून हलवलं की गुलाबी रंग येतो. बोदुआं चाचणी. तूप गुलाबी झालं की समजावं, डालडा आला.

पाटावरवंटा

वा, धागा फारच पुढे गेला. सगळ्यांचे आभार. वाटाण्याची उसळ, मिठाच्या पाण्यात भिजवून बघते. पण पहिला प्रश्न अजून बाकी आहे, खावी की नाही?

वाटाण्याची उसळ

खा, पण दाणे कसे होते ते आधी सांग. यात मी मुळीच ढिली नाही.

भुईमुगाचा मोठा शत्रू अफ्लाटॉक्सिन. ओलसर साठवलेल्या, किडीने टोकरलेल्या, काढणीच्या आधी दुष्काळाचा ताण बसलेल्या दाण्यांवर ॲस्परजिलस बुरशी वाढते आणि हे विष तयार करते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले तेव्हा त्याचा शोध लागला. त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड होती. लक्षात घे, पेंड. तेल काढताना हे विष मुख्यतः पेंडीत मागे राहतं, तेलात थोडं जातं. म्हणजे खराब दाण्यांचं तेल एकवेळ खपेल, पेंड नाही. भाजूनही ते पुरतं जात नाही. यकृतावर परिणाम करतं.

म्हणून घाण्यावर नेण्याआधी दाणे निवडायचे. सुरकुतलेले, तुटलेले, डागाळलेले, काळपट, टोकाला बुरशी दिसणारे बाजूला काढायचे. चार ताटं घेऊन बसायचं, खिडकीच्या उजेडात. घरच्या शेतातले, वाळवून कोरडे ठेवलेले आणि निवडलेले असतील तर मी स्वतः खाईन. बाजारातून आणलेल्या, कोणाच्या कुठल्या दाण्यांच्या माहीत नसलेल्या पेंडीला मी हात लावणार नाही.

आणि हो, सरकीची पेंड कधीच नाही, तिच्यात गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं.

तसं माणसांनी भुईमुगाचं पीठ खाणं नवं नाही. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्न संशोधन संस्थेने कुपोषणासाठी 'मल्टीपर्पज फूड' केलं होतं, त्यात तीन भाग तेल काढलेलं भुईमुगाचं पीठ आणि एक भाग भाजलेल्या हरभऱ्याचं. पुढे त्यांनीच भुईमुगाचं प्रथिन वेगळं काढून दुधात मिसळलं, 'मिल्टोन' म्हणून. आंबट केलं तर तेही तुझ्या थालीपिठासारखं रुसलं असतं. दुधाच्या पीएचला मात्र छान मिसळायचं.

पाटावरवंटा

दाणे निवडूनच नेले होते. सासूबाईंनी दोन दुपारी बसून निवडले, मी कुरकुरत होते की कशाला इतकं. आता तोंड बंद.

काळी_डाळ

ताई, त्या पेंडीची चटणी करा. लसूण, लाल तिखट, मीठ, जिरं.

उपासाची थाळी

करा पण सोलापुरी चटणीसारखी होणार नाही. तिच्यातलं तेल कुटताना दाण्यातूनच सुटतं, म्हणून ती तेलकट, गोळा होणारी. दाण्याच्या कुटाचंही तेच ना? मिक्सर सलग फिरवला की गोळाच होतो.

वाटाण्याची उसळ

बरोबर. दाण्यात तेल सलग नसतं. पेशीत साधारण मायक्रॉनभर आकाराचे थेंब असतात, प्रत्येकाभोवती फॉस्फोलिपिड आणि ओलिओसिन नावाच्या प्रथिनाचं वेष्टन. दाणे भाजताना ते वेष्टन कमकुवत होतं, पात्याच्या घर्षणाने फाटतं आणि थेंब एकमेकांत मिसळून तेल सुटतं. म्हणून भाजलेले दाणे पूर्ण गार करा आणि मिक्सर थांबत थांबत फिरवा. घाण्यात आपल्याला उलटं हवं असतं, तेल सुटायला हवं, म्हणून तिळाचा घाणा चालू असताना मूठभर पाणी शिंपडतात. पाण्याने प्रथिन आणि पेशींच्या भिंती फुगतात, तेल बाहेर ढकललं जातं.

पेंडीच्या चटणीत चमचाभर त्याच घाण्याचं तेल घाला.

पाटावरवंटा

अद्यतन: मिठाच्या कोमट पाण्यात भिजवलं, वीस मिनिटांऐवजी अर्धा तास झाला कारण फोन आला. पीठ फुगून लापशीसारखं झालं. मग भाजणी, कांदा, कोथिंबीर, दही नाही. थालीपीठ अख्खं उलटलं. कडा किंचित तुटतात पण मध्ये चीर नाही. चव खमंग, जरा कोरडी, लोणी जास्त लागतं. उरलेलं पीठ पिशवीत भरून फ्रीजरमध्ये. बाहेर ठेवलेल्या डब्यातल्याला आठवड्यातच खवट वास यायला लागला होता.

बॉयलर हाऊस

खवट होणारच, त्यात तेल आहे आणि दळल्यामुळे प्रत्येक कणाला हवा लागली. दळायची ती लागेल तेवढीच दळा, बाकी तुकडे तसेच गार जागी.

मुळा_मुठा

उशिरा आलो. आमच्याकडे फलटणच्या बाजूला करडईचं घाण्याचं तेल मिळतं. त्याची पेंड अशीच थालीपिठात घालता येईल का? प्रथिन आहे म्हणतात.

बॉयलर हाऊस

नको. करडईच्या बीला जाड टरफल असतं, घाण्यावर ते बीबरोबरच दाबलं जातं, त्यामुळे पेंडीत निम्मा-अर्धा चोथाच. आणि ती कडू असते, त्यातल्या लिग्नान नावाच्या घटकांच्या कडवटपणाने. टरफल काढून, धुऊन कडूपणा घालवता येतो, पण तो कारखान्याचा उद्योग आहे. ती पेंड कोरडवाहूंच्या गोठ्यात पाठवा.

कोरडवाहू

पाठवा, भाव मात्र पेंडीचाच मिळेल.